पायलीभर राखण

भिकाजी गोताडाला एक खोड होती. माणूस समोर आला की त्याच्या तोंडाआधी तो त्याचा हात बघायचा. हा हात सभेत वर जाईल का, आणि गेलाच तर कुणाकडे बघून जाईल, हे त्याचं राम राम म्हणता म्हणता ठरून जायचं. खोड लागली ती मुंबईत, गिरणीत असताना. लालबागच्या एका खोलीत उंडीवण्याचे सगळे चाकरमानी पाळीपाळीने झोपायचे. खोलीत कुणी आजारी पडला तर त्याची खानावळ आणि औषध बाकीच्यांनी मिळून भागवायचं, असा ठराव त्याने तिथे करून घेतला होता. पुढे छातीत कापूस बसला, डॉक्टरने गावची हवा सांगितली, आणि भिकाजी आपल्या खोडीसकट उंडीवण्याला परत आला.

गावात येऊन तो गप्प बसला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण ज्याची खोड त्याला स्वस्थ बसू देत नाही. जिल्हा लोकल बोर्डाची निवडणूक आली तेव्हा हा गडी उभा राहिला आणि खोताच्या माणसाला पाडून मेंबर झाला. रत्नागिरीला पहिल्या बैठकीला गेला तो कोट घालून आणि अनवाणी, कारण नव्या वहाणा चावत होत्या.

बोर्डात त्याने जे केलं ते मात्र भल्याभल्यांना जमलं नसतं. मालगुंडच्या मेंबराला रस्त्यावर खडी हवी होती, गुहागरच्या मेंबराला वहाळावर साकव, म्हणजे लहानसा पूल, हवा होता, आणि तिसऱ्या एकाला फक्त धर्मशाळेच्या पाटीवर बापाचं नाव हवं होतं. भिकाजीने खडीला हात वर केला, साकवाला केला, पाटीला तर दोन्ही केले. मग हळूच आपला ठराव पुढे सरकवला. ज्या गावात दोनशे चुली वर्षाकाठी पायली पायली तांदूळ घालतील, कुणी आजारी असो वा नसो, त्या गावाला बोर्ड पगारी डॉक्टर आणि औषधं देईल. मग वर्षभर त्या चुलीवर जेवणाऱ्या कुणालाही औषधपाण्याला एक दमडी पडणार नाही. खडीवाल्याने हात वर केला, साकववाल्याने केला, पाटीवाल्याने डोळे पुसत केला. ठराव पास झाला. अट एकच होती, मृगाच्या आत दोनशे चुली दाखवायच्या. नाहीतर डॉक्टर दुसऱ्या गावाला, आणि मंडणगडकडचा मेंबर त्यासाठी टपून बसलेलाच होता.

भिकाजीला एवढी घाई कशाची होती ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याची थोरली लेक मैना बाळंतपणात अडली. तिला डोलीत घालून खाडीवर आणली तर भरती चढलेली, पाऊस कोसळतोय, आणि तरीवाला होडी सोडायला तयार होईना. पलीकडे रत्नागिरीचा रस्ता दिसत होता. ओहोटी लागेपर्यंत मैना तिथेच, खाडीच्या काठावर, बापाच्या मांडीवर संपली. आणि आता धाकटी चिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. दिवस भरत होते श्रावणात, म्हणजे तर, खाडी ओलांडायची होडी, बंद असण्याच्या ऐन दिवसांत. भिकाजी एकदा तिच्याकडे बघायचा आणि एकदा खाडीकडे. डॉक्टर खाडीच्या या काठाला आणायचा, एवढाच त्याचा जप होता.

पहिली सभा त्याने देवळापुढे, सहाणेवर घेतली. सहाण म्हणजे वाघजाईची पालखी टेकते तो चौथरा. गावकीचे सगळे निवाडे तिथेच होतात. पुरुष चौथऱ्यावर बसले, बायका मागे आंब्याखाली उभ्या राहिल्या. भिकाजीने मुंबईच्या खोलीची गोष्ट सांगितली, बोर्डाचा ठराव सांगितला, आणि हात मोजायला तयार झाला.

एकही हात हलला नाही.

"म्हंजे," म्हातारा बाबू कानामागे हात धरून म्हणाला, "मी धडधाकट हाय, आनी औषदाचं आज द्यायचं?"

"व्हय."

"आनी वरीसभर न्हाय पडलो आजारी, तर तांदूळ परत?"

"परत न्हाय. तो दुसऱ्या कुनाच्यातरी कामी येनार."

"मंग त्यालाच देऊ दे की!" बाबू म्हणाला, आणि लोक हसले.

मागून सोनूबाईचा आवाज आला. सोनूबाईची जीभ अशी होती की वाटेवरची कुत्रीसुद्धा तिला बगल देऊन जात. "माजा न्हवरा ममईत चांगला हिंडताफिरता हाय. तो आजारी पडंल म्हनून मी आजच तांदूळ मोजून ठेवू? जल्लं मेलं ह्या काय इपरीत! भिकाजीभावजी, रोगाला आवतान धाडताव का आमच्या घरी?"

सगळ्यात मानाचा गावकर महिपत. पालखीला पहिला खांदा त्याचा, नारळावर पहिला हात त्याचा. तो सावकाश उठला आणि एवढंच म्हणाला, "हात दाखवून अवलक्षन कशाला?" झालं. महिपत उठला की गाव उठायचं.

भिकाजी मग घरोघर फिरला. कुणी पाणी दिलं, कुणी सुपारी दिली, तांदळाला कुणी हो म्हटलं नाही. एका घरी तर म्हातारीने तो गेल्यावर उंबऱ्यावर मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. आजाराचं नाव काढणारा माणूसच आजार घेऊन आला असावा, असा गावाचा समज झाला.

हे असं चाललं असताना वैशाख लागला आणि राखणीचे दिवस आले. पेरणीआधी गावाच्या राखणदाराला दरसाल कोंबडा-नारळ द्यायचा असतो, मग तो वर्षभर शीव सांभाळतो, रोगराई आणि वाईटवंगाळ बाहेर ठेवतो. भिकाजीची बायको आनंदीबाई परड्यात कोंबड्यामागे धावत होती.

"गेल्या साली येवडा मोटा दिलाव," भिकाजी ओटीवरून म्हणाला, "आपल्या घराला काय भूतबाधा झाली न्हाय वरीसभर. ह्या साली पिल्लू चालंल."

आनंदीबाई कोंबडा बगलेत धरून थांबली. "असा कुनी बोलतो का? बाधा झाली न्हाय म्हनूनच द्यायची. ज्याच्या घरी झाली त्याचीबी राखन, न्हाय झाली त्याचीबी. राखन सगळ्या गावाची असते."

भिकाजी उठून उभाच राहिला. बायकोकडे असा बघत राहिला की तिला वाटलं याला ऊनच लागलं. अहो, जे तो महिनाभर घसा फोडून सांगत होता ते गाव बापजाद्यांपासून करत आलं होतं! राखणदाराकडे कोंबडा परत मागणारा अजून कुणाच्या आईला झाला नव्हता. भिकाजी तसाच पंचा खांद्यावर टाकून आप्पा गुरवाच्या घरी गेला आणि तिथून त्याला घेऊन महिपतकडे.

महिपतचा हात कसा वर जातो ते त्याला ठाऊक होतं. त्याने डॉक्टरचं नावच काढलं नाही. "गावकर," तो म्हणाला, "औंदा राखनीत कोंबड्यासंगती पायलीभर तांदूळबी घालायचा इचार हाय. पयली पायली तुमची. गाऱ्हान्यात पयलं नाव तुमचं. तांदूळ देवीचा, देवळातच ठेवायचा. त्याच तांदळावर देवी गावाला डॉक्टर आनून देईल. तोबी इथंच सहानंवर बसंल, तुमच्या नदरंखाली."

महिपतने मिशीवरून हात फिरवला. आप्पा गुरवाने तिथल्या तिथे गाऱ्हाण्याला नवी ओळ जोडली. पुढच्या सभेत वरच्या चारी वाड्यांचे हात असे उठले की भिकाजीला मोजावे लागले नाहीत. सोनूबाईसुद्धा म्हणाली, "असा सांगायचा ना पयलंच! राखनीला कोन न्हाय म्हनतो?"

त्या दिवशी भिकाजीचे पाय जमिनीला लागत नव्हते. घरी येऊन त्याने चिमाला सांगितलं, "पोरी, आता घाबरायचं न्हाय." चिमा हसली. ती पहिल्यापासून घाबरलेलीच नव्हती, घाबरत होता तो बापच.

पण दोनशे चुली म्हणजे वरच्या चार वाड्या नव्हेत. त्यांच्या जेमतेम दीडशे-पावणेदोनशे भरत होत्या. उरलेल्या भिकाजीने खालच्या वाडीच्या, म्हणजे महारवाडीच्या, धरल्या होत्या. धरल्या होत्या म्हणजे मनातल्या मनात. विचारायला तो गेलाच नव्हता. कुळवाड्यांना पटवलं की ते काय, येतीलच, असा त्याचा हिशेब. शहाणा माणूस चुकतो तो असा, ज्याला गृहीत धरतो त्याच्या दाराशी.

धोंडू हवालदार स्वतःच आला. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला, ताठ कण्याचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. महाडच्या तळ्यावर जाऊन आल्यापासून त्याच्या वाडीने मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं, आणि राखणीचा बळी शिवेवर पोचवायचं पिढीजात कामही सोडलं होतं. तो अंगणात उभा राहिला, आणि भिकाजीही ओटीवरून खाली उतरला नाही.

"मेंबर, डॉक्टर येतोय असं ऐकलं. चांगली गोष्ट झाली," हवालदार म्हणाला. "आमच्या वाडीतल्या सगळ्या चुली तांदूळ घालतील. पर एक सांगा. डॉक्टर बोर्डाचा का वाघजाईचा?"

भिकाजी खांद्यावरचा पंचा नीट करायला लागला.

"तांदूळ राखनीचा म्हनतात. राखन आमी सोडली. आता पुन्हा ती आमच्या गळ्यात नको. आनी डॉक्टर बसनार सहानंवर. तिथं आमी पाय ठेवायचा न्हाय. मग आमचं पोर आजारी पडलं तर औषद घ्यायचं कुठं?"

"मी बगतू," भिकाजी म्हणाला. "काडतू काहीतरी वाट."

तो महिपतकडे गेला. महिपत शांतपणे सुपारी कातरत होता. "वाट कसली? तूच बोललास ना, तांदूळ देवीचा? देवीच्या तांदळाचं औषद म्हंजे परसाद. सहानंवर ते कसे येतील? त्यांचं त्यांनी बगावं."

भिकाजी परत निघाला. महिपत खोटं काय बोलला होता? शब्द सगळे भिकाजीचेच होते. कुंपण त्याने स्वतःच्या हाताने घातलं होतं, आणि ते इतकं पक्कं घातलं होतं की आता त्याला स्वतःला त्यात फट सापडेना. त्याला स्वतःचा राग आला. गिरणीच्या खोलीत असं कुंपण नव्हतं का? होतं. तिथेही हवालदाराच्या वाडीतली माणसं दुसऱ्या चाळीत वेगळी राहायची, आणि भिकाजीच्या आजारफंडात त्यांचं नाव कधी आलं नव्हतं. हे त्याला आज, एवढ्या वर्षांनी, वाटेत उभं राहून आठवलं.

तरी पण खोड जात नाही. दुसऱ्या दिवशी तो खालच्या वाडीत गेला तो एक तोड घेऊनच. वाडीच्या तोंडाशी फणसाखाली उभा राहून तो म्हणाला, "हवालदार, तुमी तांदूळ माज्याकडं द्या. गुपचूप. मी बोर्डात चुली दाखवतू. आनी डॉक्टरला मी सांगतू, आठवड्यातनं एक डाव मागल्या वाटेनं तुमच्या वाडीत येऊन जाईल. कुनाला कळनार न्हाय."

हवालदाराने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पलटनीच्या इस्पितळात मी दोन महिने होतो. माज्या एका बाजूला बामन होता, दुसऱ्या बाजूला पठान. डॉक्टर यायचा तो नंबरानं यायचा. जो आधी आला त्याला आधी. मेंबर, मागल्या वाटेनं येनारं औषद मला नको. माजा तांदूळ तुमच्याइतकाच, मग माजा नंबरबी लाइनीतच पायजे. न्हायतर आमचा तांदूळ आमच्या घरी बरा."

"आनी पोरं आजारी पडली म्हंजे?" भिकाजी चिडून म्हणाला.

"आजपतुर काय करत होतो?" हवालदार म्हणाला. "मरत होतो. तुमीबी मरतच होता की."

भिकाजीला मैनेचं तोंड दिसलं. तो परत फिरला.

राखणीच्या आदल्या दिवशी गावकी सहाणेवर जमली. तांदूळ कुठे ठेवायचा, नारळ कुणी फोडायचा, याची बोलणी चालली होती. भिकाजीने हात मोजले. सगळे त्याच्या बाजूचे होते. गप्प राहिला असता तर वरचं गाव खूश होतं, आणि चुली कागदावर कशातरी भरून दाखवायला त्याच्यासारख्याला अवघड नव्हतं. पण खोट्या चुलींवर आणलेला डॉक्टर पहिल्या तपासणीलाच परत जाणार, हे मेंबर म्हणून त्याला पक्कं माहीत होतं. आणि हवालदाराचं ते शेवटचं वाक्य मासळीच्या काट्यासारखं घशात अडकलं होतं.

तो उभा राहिला. "मी तुमाला फसवलंय," तो म्हणाला.

नारळाची बोलणी करणारे त्याच्याकडे वळले.

"डॉक्टर वाघजाईचा न्हाय. बोर्डाचा हाय. मी राखन म्हनलू, कारन तुमी दुसऱ्या नावानं दिला नसताव. तांदूळ देवळात न्हाय, शाळंत ठेवायचा. डॉक्टर शाळंच्या पडवीत बसनार. बाकडा एकच. खालची वाडी, वरची वाडी, जो आधी येईल त्याचा नंबर आधी. असा आसंल तर दोनशे चुली भरतात, न्हायतर डॉक्टर जातो मंडनगडाला."

महिपत उठला. त्याने हातातला अडकित्ता खटकन मिटला. "देवीच्या नावानं खोटा बोललास? सहानंवर उभा राहून?"

"बोललू. चुकलू."

"मग तुजा डॉक्टर घाल चुलीत," महिपत म्हणाला आणि चालू लागला. त्याच्यामागून बाबू गेला, बाबूमागून सगळे गेले. सहाणेवर भिकाजी एकटा राहिला. तेलही गेलं, तूपही गेलं. उन्हाने तापलेल्या चौथऱ्यावर तो बराच वेळ बसून होता, आणि त्याला मोजायला हातच नव्हते.

घरी आला तर आनंदीबाई पडवीत तांदूळ पाखडत होती. त्याने ओटीवर अंग टाकलं. "गेला डॉक्टर," तो म्हणाला. "चिमाला सासरी धाडू. तिकडं निदान खाडी तरी न्हाय."

"ह्या दिवसांत डोंगर चडून?" आनंदीबाईने सूप खाली ठेवलं. "मना सांगा, बोर्डाच्या कागदावर काय लिवलानी? दोनशे मानसं?"

"मानसं न्हाय. चुली."

"मग सहानंवर बसले होते त्यातला कोन चूल पेटवतो?"

भिकाजी उठून बसला.

"तुमी पुरुषांचे हात मोजत बसलाव," आनंदीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तो सहसा चढत नसे. "आमी मागं आंब्याखाली उभ्या होताव. आमाला कुनी इचारलान? कनगीतनं पायली कोन काडतो? घरातला बाप्या? त्याला पायली कुठं ठेवलीय ता तरी म्हाईत हाय? आनी अडून मरतो ता कोन? बाप्ये मरतात अडून? माजी मैना मेली, मी पानवठ्यावर गेले की सगळ्या गप व्हायच्या. का? परतेकीच्या घरात एक मैना हाय म्हनून."

एवढं बोलून ती सूप उचलून आत गेली, आणि थोड्या वेळाने घागर घेऊन पाणवठ्यावर गेली. घरात पाणी भरलेलं होतं. तरी ती गेली.

पाणवठ्यावर काय बोलणं झालं ते भिकाजीला कधीच नीट कळलं नाही, आणि आपल्यालाही कळायचं कारण नाही. एवढं खरं की राखणीच्या दिवशी, कोंबडा-नारळ झाल्यावर, पुरुष देवळाकडून घरी आले तेव्हा घरात बायका नव्हत्या. चुली थंड होत्या. त्या शाळेच्या वाटेवर होत्या, डोक्यावर टोपल्या घेऊन.

भिकाजी धावत शाळेत गेला. पडवीत बांबूचा मोठा हारा मांडलेला होता आणि मास्तर नावं लिहायला बसले होते. सगळ्यांच्या आधी हवालदाराची सून आणि खालच्या वाडीतल्या बायका येऊन पोचल्या होत्या. त्या एका बाजूला सरकायला लागल्या तेव्हा सोनूबाई मागून ओरडली, "सरकताव कुठं? आधी आलाव तर आधी घाला. मना घरी जाऊन आंगूळ करायची हाय, ती मी करीनच. पर लाईन मोडू नका, मना उशीर होतो."

कुणी हसलं, कुणी पदर सावरला. हवालदाराच्या सुनेने पायली ओतली. मग पुढची, मग तिच्या पुढची. आवाज फक्त तांदूळ पडण्याचा. भिकाजी दाराशी उभा राहून बघत होता आणि त्याच्या डोळ्यांना पाणी येत होतं, ते तो पुसतही नव्हता.

सगळ्यांत शेवटी येसूबाई आली. महिपतची बायको. नथ, हिरवं लुगडं, डोक्यावर झाकलेली टोपली. रांग दुभंगून तिला वाट द्यायला बायका हलल्या, कारण मानाच्या घरची बाई कधी कुणाच्या मागे उभी राहिली नव्हती. ती रांगेच्या शेवटाला गेली आणि तिथेच उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा भिकाजीला राहवलं नाही.

"वैनी, गावकर काय म्हनतील?"

येसूबाईने पायली सपाट केली, हाऱ्यात ओतली आणि पदराने हात पुसले. "काय म्हनायचं ता म्हनतील. चुलीचा तांदूळ चुलीनं दिलान."

दोनशेच्या वर भरल्या. मृगाच्या आत कागद रत्नागिरीला गेला, आणि पाऊस धरायच्या आत डॉक्टर आला. अगदी कोवळा पोरगा होता, चष्मेवाला, होडीत बसून हिरवा पडलेला. त्याला बघून सोनूबाई म्हणाली, "ह्यालाच आधी औषद द्या." पण हिवतापाच्या दोन-चार केसा त्याने उतरवल्या आणि गावाने त्याला आपला म्हटलं. पडवीतलं बाकडं एकच होतं. पहिले काही दिवस लोक त्यावर बसलेच नाहीत, उभेच राहायचे. मग ज्यांना ताप होता ते बसले, कारण तापाला उभं राहवत नाही. महिपत मात्र कधी फिरकला नाही. बोर्डाच्या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

श्रावणात एका सकाळी चिमाला कळा सुरू झाल्या. पाऊस असा की समोरचं परडं दिसेना, खाडी फुगलेली, तर बंद. दुपार झाली तरी सुटका होईना. सुईण गंगुबाई बाहेर आली ती हात पुसत, आणि तिचं तोंड बघून भिकाजीला काय ते कळलं. "पोर आडवं हाय," ती म्हणाली. "माज्या हातचं काम न्हाय."

भिकाजी इरलं घेऊन शाळेकडे धावला. पडवी रिकामी होती. मास्तर म्हणाले, "डॉक्टर खालच्या वाडीत गेलेत. हवालदाराच्या नातवाला झटके आलेत."

तो तसाच चिखलातून खाली पळाला. आजवर फणसापर्यंत येऊन तो थांबत असे. आज फणस कधी मागे पडला ते त्याला समजलं नाही. तो हवालदाराच्या घरात, थेट आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. जमिनीवर पोर पडलं होतं, अंग भाजत असलेलं, आणि डॉक्टर त्याच्यावर वाकला होता. हवालदाराची सून ओल्या फडक्याने पोराचं कपाळ पुसत होती.

भिकाजीच्या ओठांवर सगळं आलं होतं. माझी लेक मरतेय. मी मेंबर आहे. तुम्हाला मी आणलं. त्यातलं तो काहीच बोलला नाही. भिंतीला टेकून खाली बसला आणि डोकं दोन्ही हातांत धरलं.

हवालदाराने त्याच्याकडे बघितलं. "चिमा?"

भिकाजीने मान हलवली.

डॉक्टरने मागे न बघता विचारलं, "काय झालंय?"

"पोर आडवं हाय म्हनते सुईन."

"सुई दिलीय मी. झटका थांबतोय. तो थांबला की निघतो, त्याआधी नाही," डॉक्टर म्हणाला, आणि त्या कोवळ्या पोराचा आवाज एवढा पक्का असेल असं भिकाजीला वाटलं नव्हतं.

तो वेळ किती गेला कुणास ठाऊक. हवालदाराच्या नातवाच्या मुठी हळूहळू सैल झाल्या. डॉक्टरने नाडी बघितली, सुनेला दोन शब्द सांगितले आणि पेटी उचलली. ती हवालदाराने त्याच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या इरल्याखाली धरून पुढे चालू लागला.

घरी आल्यावर पुरुष माणूस बाळंतिणीच्या खोलीत कसा जाणार म्हणून गंगुबाई दारात आडवी झाली. आनंदीबाईने तिला बाजूला ओढलं. "जा हो डॉक्टर तुमी," ती म्हणाली. मग दार लागलं.

भिकाजी ओटीवर बसला. एकदा आतून चिमा अशी ओरडली की तो उठला, आणि जायला जागाच नाही म्हणून पुन्हा बसला. हवालदार अंगणात, इरलं पांघरून उभा होता. आता त्याने परत जायला हवं होतं, त्याचं पोर तिकडे होतं. तो गेला नव्हता.

मग पावसाच्या आवाजातून तो दुसरा आवाज आला. बारीक, चिरका, रागावलेला. दार उघडलं. आनंदीबाईच्या तोंडावर हसू आणि रडू एकदम होतं. "चेडू झालं, नात झाली," ती म्हणाली. "चिमा बरी हाय. पानी मागते."

भिकाजी रडायला लागला. मोठ्याने, लाज सोडून. रडता रडताच त्याचं अंगणाकडे लक्ष गेलं आणि तो पावसात उतरला. "हवालदार, वर या. भिजताय कशाला. ओटीवर या."

हवालदाराने मिशांवरचं पाणी निपटलं. "आज न्हाय, मेंबर. आज तुमी कुनालाबी वर घ्याल. माजं पोर बगायचं हाय मला." तो वळला, आणि परत थांबला. "मला बोलवायचं आसंल तर बारशाला बोलवा. उजेडात, चार मानसांत. मग येईन."

"बोलावतू," भिकाजी म्हणाला.

तो आत आला. आनंदीबाई चुलीवर पाणी तापवत होती. त्याने जरा दबकतच सांगितलं, बारशाला खालच्या वाडीतून हवालदाराचं सगळं घर येणार आहे म्हणून. आनंदीबाईने लाकूड आत सरकवलं, फुंकर घातली, धुराने चुरचुरलेले डोळे पुसले.

"मग केळीची पानं जास्ती काडून ठेवा," ती म्हणाली. "आनी आधीच सांगते, पंगत एकच. दोन-दोन पंगती वाडायला मना सवड न्हाय."